काळीवरचे घर आणि मोझॅकची फरशी



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. उसाचे बिल येते, कापसाचे पैसे हाती येतात आणि घरात बोलणे सुरू होते, यंदा फरशीचे काम काढू. थोरला मुलगा म्हणतो, जुनी मोझॅक उखडू आणि मोठ्या चकचकीत टाइल्स बसवू. आजी म्हणते, अरे, मला हीच पायाला बरी वाटते, त्या काचेसारख्या फरशीवर मी घसरेन. गवंडी म्हणतो, उखडायचीही गरज नाही, वरूनच चिकटवून देतो. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते, आणि दोन पावसाळ्यांनंतर नवी फरशीही जुनीसारखीच फुगते, वाजते, फुटते.

तुम्ही म्हणाल, शेतीचा सल्ला देणाऱ्याने फरशीवर का बोलावे? खरे आहे, फरशी हा माझ्या खात्याचा विषय नव्हे. पण माती हा माझा विषय आहे. आपल्या माजलगावकडे फरशी बिघडते ती बहुधा वरून नव्हे, खालच्या मातीने आणि ओलीने बिघडते. म्हणून चार गोष्टी सांगतो. नवे घर बांधणाऱ्याने त्या आधी ध्यानात घ्याव्यात, आणि जुनी फरशी उखडायला निघालेल्याने घण उचलण्यापूर्वी घ्याव्यात.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाचे दोन भाग मानले. पिकते ती काळी, आणि गाव वसते ती पांढरी. काळीत नांगर चालायचा, पांढरीवर घर उभे राहायचे. यात मोठे शहाणपण होते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती फार असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. पिकाला ती माती बरी, कारण ती ओल धरून ठेवते. घराला मात्र ती वैरीण.

आता काळ बदलला. गावठाण पुरेनासे झाले. लोक शेतात वस्तीवर राहायला गेले. तालुक्याच्या गावाभोवती काल कापूस होता तेथे आज घरांचे प्लॉट पडले. सिंदफणेवरचे माजलगावचे धरण १९८७ साली पूर्ण झाले, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचे पाणी आले, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना नव्या जागी घरे मांडावी लागली. म्हणजे घर पांढरीवरून काळीवर आले. पण बांधण्याची रीत पांढरीचीच राहिली. फरशीच्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

मोझॅक म्हणजे काय?

आपण जिला मोझॅक म्हणतो तिला इतर देशांत टेराझो म्हणतात. इटलीतील व्हेनिस भागात संगमरवराचे काम करणाऱ्या कारागिरांनी कामातून उरलेले तुकडे चुन्यात बसवून, घासून आपल्या घरांसाठी फरशी केली. तेथून ही कला जगभर गेली. पुढे चुन्याच्या जागी सिमेंट आले. संगमरवराचे बारीक खडे, सिमेंट व संगमरवराची भुकटी यांचा माल करायचा, तो थापायचा, वाळल्यावर दगडाने घासून खडे उघडे करायचे आणि पॉलिश द्यायचे, एवढीच ही विद्या. म्हणजे ही मुळात टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्यांची फरशी आहे. शेतकऱ्याच्या घराला ती शोभते ती उगीच नव्हे.

तिचे दोन प्रकार आहेत. एक, जागेवरच ओतून केलेली. हिच्यात काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडतात. दुसरी, कारखान्यात दाबून तयार केलेल्या टाइल्सची. आपल्याकडे दुसरीच अधिक दिसते.

समुद्रकाठची साक्ष

फरशीची खरी परीक्षा पाहायची तर समुद्रकाठी पाहावी. तेथे हवेत मीठ, चार महिने धो धो पाऊस, आणि भिंतींना कायमची ओल. तरीही मुंबई, कोकण आणि गोव्यातील घरांत मोझॅक वर्षानुवर्षे टिकली आहे.

स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत, १९२२ साली, फिरोजशहा सिधवा यांनी भारत फ्लोरिंग टाइल्स ही कंपनी काढली. तोपर्यंत चांगल्या सिमेंटच्या टाइल्स परदेशातून येत. त्या येथेच कराव्यात हा हेतू होता. समुद्राच्या तोंडावर असलेल्या उरणला त्यांचा कारखाना चालला. पुढे १९३०-४० च्या सुमारास मुंबईत मरीन ड्राइव्हला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, नव्या धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या जिन्यांत आणि दालनांत ओतीव मोझॅक पुष्कळ वापरली गेली. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या या आणि जवळच्या जुन्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. खारा वारा सोसून त्या फरश्या ऐंशी वर्षांवर टिकल्या.

मग आपल्याकडे पंधरा वर्षांत का फुटते? कोकणातील घराखाली जांभा असतो. तो आपल्या काळीसारखा फुगत नाही. तेथे वैरी एकच, खारी ओल. आपल्याकडे वैरी दोन आहेत, खाली फुगणारी माती आणि तिच्यातून वर चढणारे क्षार. दुसऱ्या वैऱ्याशी कसे लढावे हे मात्र समुद्रकाठच्या कारागिरांकडून शिकण्यासारखे आहे. तेथील जाणता मिस्त्री समुद्राची किंवा खाडीची खारी वाळू कामाला लावत नाही. मालात गोडे पाणी घालतो. फरशीच्या चौकोनात लोखंडी पट्टी घालत नाही. लोखंड मिठाने गंजते, गंज फुगतो आणि शेजारचे सिमेंट फोडतो. म्हणून तेथे काच किंवा पितळ वापरतात.

शेतातील चोपण, घरातील लोणा

कालव्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट नव्याने सांगायला नको. पाणी बेसुमार दिले आणि निचरा नसला, की जमीन आधी चिबड होते आणि मग खारवट होते. खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार वर पांढरे फुटतात.

घरातही नेमके हेच होते. जोत्यातील ओल सिमेंटच्या छिद्रांतून वर चढते. फरशीच्या दरजांतून हवेत जाते. क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. सकाळी पुसला तरी आठवड्यात पुन्हा येतो. हे क्षार छिद्रांतच घट्ट होऊन बसले की टाइलचा वरचा थर पोखरतात, आणि खडे सुटू लागतात.

चोपण जमिनीवर तुम्ही भारी बियाणे पेरले म्हणून ती सुधारत नाही. आधी चर खोदावा लागतो, पाणी काढावे लागते. तसेच लोणा आलेल्या फरशीवर नुसते पॉलिश करून किंवा वर नवी टाइल चिकटवून रोग जात नाही. आधी निचरा, मग पॉलिश. या लेखातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे तीन शब्द विसरू नका.

नवे घर असेल तर

काळीवर घर बांधताना पायाचा विचार अभियंत्याकडूनच करून घ्यावा. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या खांबांचा पाया शोधून दिला आहे. तो लागतो की साधा पाया पुरतो, हे खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आपण येथे जोत्याच्या आतील भर आणि फरशी एवढेच पाहू.

पहिली गोष्ट. पायाच्या चरातून निघालेली काळी माती जोत्यात भरू नका. फुकटची भर म्हणून ती बहुतेक ठिकाणी आतच लोटली जाते. ती वर्ष-दोन वर्षे गप्प बसते. मग मोरीचे किंवा पावसाचे पाणी पोचले की फुगते आणि मधोमध फरशी उचलते. फुकट मिळालेली ही माती घरातील सर्वांत महाग वस्तू ठरते. ती शेतात पसरा, तेथे तिचे सोने होईल.

दुसरी गोष्ट. फरशीखालील काळी माती निदान दोन-तीन फूट काढून तेथे चांगला मुरूम भरावा. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर पुष्कळ वर्षे संशोधन केले. काळीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबून बसवलेला थर दिला, तर खालची फुगण्याची ओढ आवरते, हे त्यांनी दाखवले. काळ्या मातीतील कालव्यांच्या कामातही ही पद्धत वापरली गेली. थोडी माती धरून असलेला आपला लाल-पिवळा मुरूम पुष्कळदा या कामी येतो. नुसती वाळू भरू नये. वाळूतून पाणी सहज जाते आणि खालच्या काळीला आयते पाजले जाते.

मुरूम पाच-सहा इंचांच्या थरांनी टाकावा. प्रत्येक थर बेताने ओला करून धुम्मस करावा. मूठ वळली तर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, एवढीच ओल ठेवावी. सगळा मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडले म्हणजे तो बसला असे समजू नये.

तिसरी गोष्ट. मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. जोड एकमेकांवर निदान सहा इंच यावेत. त्यावर चार इंच काँक्रीट घालावे. वर चढणारी ओल येथे अडते. भिंतीतही जोत्याच्या पातळीला ओल अडवणारा थर हवा, नाहीतर कडेने लोणा चढतो.

चौथी गोष्ट घराबाहेरची आहे. भिंतीभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेली फरसबंदी करावी. मोरीचे आणि न्हाणीचे पाणी नळीने दूर न्यावे. शोषखड्डा भिंतीला लागून खणू नये. परसबाग मी नेहमीच करायला सांगतो, पण ती भिंतीला टेकून नको. केळी-अळूला रोज पाणी दिले की फरशीखालची काळी एका बाजूने फुगते. तसेच वड, पिंपळ, नीलगिरी अशी झाडे घराजवळ लावू नयेत. त्यांची मुळे एका बाजूची ओल ओढून घेतात आणि तेथली माती खचते.

टाइल कशी पारखावी?

सिमेंटच्या टाइल्ससाठी भारतीय मानक ब्यूरोचा १२३७ क्रमांकाचा मानक आहे. त्यातील दोन गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. एक, टाइल चोवीस तास पाण्यात ठेवली तर तिने आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा १० पेक्षा अधिक पाणी पिऊ नये. कोरडी टाइल दुकानाच्या काट्यावर तोला, बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी वरचे पाणी पुसून पुन्हा तोला. दोन किलोची टाइल दोनशे ग्रॅमपेक्षा अधिक भरली तर ती घेऊ नका. दोन, टाइल मोडून कड पाहा. वरचा खड्यांचा थर निदान ५ मिलिमीटर हवा. पुढे पुन्हा घासून फरशी नवी करायची ती याच थराच्या जोरावर.

बसवताना टाइल भिजवून घ्यावी. खाली १:४ प्रमाणाच्या मालाचा सुमारे पाऊण इंच थर असावा. टाइलच्या पाठीला सिमेंटचे घट्ट पाणी लावून ती ठोकून बसवावी. कोपऱ्यांत पोकळी राहू देऊ नये. दरजा दुसऱ्या दिवशी साफ करून त्याच रंगाच्या सिमेंटने भराव्यात. नंतर निदान सात दिवस पाणी मारावे आणि मगच घासाई करावी.

ओतीव मोझॅक करायची असेल तर २११४ क्रमांकाचा मानक आहे. खालचा काँक्रीटचा थर १:२:४ प्रमाणाचा. तो आणि वरचा खड्यांचा थर मिळून साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आसपास जाडी होते. वरचा थर खड्याप्रमाणे ठरतो. खडा ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर ६ मिलिमीटर, ७ पर्यंत असेल तर ९, आणि १० पर्यंत असेल तर १२ मिलिमीटर. सिमेंट तीन भाग आणि संगमरवराची भुकटी एक भाग वजनाने मिसळावी. त्या मिश्रणाच्या दीड ते पावणेदोन पट खडे मापाने घ्यावेत. चौकोन २ चौरस मीटरहून मोठा करू नये. मोठा चौकोन आकसताना तडकतो. पट्टी असली तर तडा पट्टीशी थांबतो.

पाणी मारण्याच्या दिवसांत घरी माणूस हवा. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घराला कुलूप आणि फरशी कोरडी, असे काम करू नये. तसेच विहिरीला पाणी नाही अशा भर उन्हाळ्यातही हे काम काढू नये. कूपनलिकेचे मचूळ पाणी मालातही नको आणि वर मारायलाही नको. जे पाणी तुम्ही पिऊ शकाल तेच फरशीला द्या.

जुनी फरशी, आधी दुखणे ओळखा

जनावर आजारी पडले की आपण एकदम औषध पाजत नाही, आधी लक्षण पाहतो. फरशीचेही तसेच करावे. चार तपासण्या सोप्या आहेत.

पहिली, आवाजाची. लाकडी मूठ किंवा काठीचे टोक घेऊन टाइल ठोकत जा. बाजारात मडके वाजवून घेता तसे. खणखणीत आवाज आला तर टाइल पक्की आहे. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. अशा टाइल्सवर खडूने फुली करा. बहुधा फुल्या मोरीजवळ, दाराजवळ किंवा बाहेरच्या भिंतीकडेला जमा होतात. पाणी कोठून येते हे त्यांवरूनच कळते.

दुसरी, ओलीची. दोन फूट लांबी-रुंदीचा स्वच्छ प्लास्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस-रात्र राहू द्या. उचलल्यावर खालच्या बाजूला दव दिसले किंवा फरशी काळपट झाली असेल तर ओल खालून येत आहे.

तिसरी, भेगेची. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. मे महिन्यात रुंदी पाहा आणि पुन्हा गौरी-गणपतीच्या सुमारास पाहा. ऋतूप्रमाणे भेग उघडझाप करत असेल तर खालची काळी अजून हलते आहे. अशी भेग नुसती बुजवून काही होत नाही. खुणा दोन वर्षे तशाच राहिल्या तर ती निवांत झाली असे समजावे.

चौथी, थराची. सुटलेल्या एखाद्या टाइलची कड पाहा. खड्यांचा थर पुरेसा शिल्लक असेल तर फरशी पुन्हा घासता येते. एका घासाईत फार थोडा थर जातो. म्हणूनच चांगली मोझॅक आयुष्यात अनेकदा नवी होते. वरची चमक गेलेल्या चकचकीत टाइलला ही सोय नाही.

दुरुस्तीचा क्रम

ओल सापडली तर आधी तिचा बंदोबस्त करा. गळती नळी बदला, बाहेरचा ढाळ सुधारा, फरसबंदी करा. मग एक पावसाळा जाऊ द्या. सगळी फरशी मधोमध उचलली असेल, म्हणजे जोत्यातच काळी असेल, तर मात्र तेवढी खोली उखडून खालची माती बदलण्यावाचून इलाज नाही. हा खर्च जड आहे, पण वरवरची मलमपट्टी दोनदा करण्यापेक्षा हलका आहे.

फुली केलेल्या टाइल्स अलगद काढा. खालचा जुना माल खरवडून, जागा ओली करून त्याच टाइल्स पुन्हा बसवा. फुटक्या टाइलला जोडीदार मिळत नसेल तर पलंगाखालची किंवा कोठीची टाइल काढून ओसरीत लावा आणि नवी वेगळ्या रंगाची कोठीत लावा. ओतीव फरशीत खड्डा पडला असेल तर तो सरळ कडांचा चौकोनी कापून घ्यावा. तेवढ्याच आकाराचे व रंगाचे खडे मिळवून आधी एका फुटक्या फरशीवर नमुना करून, घासून, वाळवून पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत बराच फरक असतो.

मग घासाई. यंत्राला लावायच्या कार्बोरंडमच्या दगडांना नंबर असतात. आधी ६० नंबरचा खरबरीत दगड लावतात. त्याने उंचसखलपणा आणि वरचा मेलेला थर जातो. मग फरशी धुऊन त्याच रंगाचे सिमेंटचे पाणी बारीक छिद्रांत भरतात आणि पाच ते सात दिवस ओली ठेवतात. नंतर १२० नंबर, पुन्हा छिद्रे भरणे, पुन्हा ओल, आणि शेवटी ३२० किंवा ४०० नंबरचा मऊ दगड. मधले ओले दिवस टाळून दोन दिवसांत काम उरकणारा स्वस्त वाटतो, पण त्याने भरलेले सिमेंट पुढच्या घासाईतच निघून जाते.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, चौरस मीटरला ३३ ग्रॅम या बेताने, पाणी शिंपडून गोणपाटाने घोटतात आणि फरशी स्वच्छ धुतात. पूर्ण वाळल्यावर मेणाचे पॉलिश बेताने लावतात. पायऱ्यांवर आणि मोरीच्या वाटेवर मेण लावू नये, पाय घसरतो. हल्ली पाणी मुरू न देणारी सीलर नावाची औषधेही मिळतात. ती कोरड्या फरशीला चांगली. खालून ओल येत असेल तर वर चकाकणारा बंद थर देऊ नये, क्षार आतल्या आत साठतात.

जिवाची काळजी

घासाईचे यंत्र विजेवर चालते आणि खाली पाणी असते. हे दोन्ही एकत्र आले की गफलतीला क्षमा नाही. यंत्राला तीन पिनांचा जोड आणि अर्थिंग हवेच. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. वायर जमिनीवर पाण्यात नव्हे, वरून टांगून न्यावी. कामगाराच्या पायांत रबरी बूट असावेत. काम चालू असता मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

घासाई ओलीच करावी. सुक्या धुळीने कामगाराची फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. ते साखरेसारखे दिसते, म्हणून स्वयंपाकघरात किंवा उघड्या पुडीत ठेवू नका. ते ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. घासाईचा गाळ नालीत सोडला तर सिमेंटसारखा घट्ट बसतो. तो खड्ड्यात जिरवा आणि जनावरांच्या हौदापासून दूर ठेवा.

भगिनींसाठी थोडे

रोजची जपणूक तुमच्याच हाती आहे. संगमरवर म्हणजे एक प्रकारची चुनखडीच. माती तपासताना चुनखडीवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसते. लिंबू, चिंच, ताक, आमसूल फरशीवर सांडले की तसेच बारीक प्रमाणात होते आणि चमक जाते. म्हणून सांडताच पुसावे. बाजारातील फरशी धुण्याचे ॲसिड तर मोझॅकला कधीच लावू नये. पहिल्या दिवशी डाग जातो, आणि त्याबरोबर फरशीचे कातडेही जाते. साधे पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरे.

तेलाचा डाग पडला तर धुण्याचा सोडा आणि खडूची भुकटी पाण्यात कालवून लेप द्या, वर ओले फडके घाला, दुसऱ्या दिवशी काढा. लोखंडी पलंगाच्या आणि पत्र्याच्या कोठीच्या पायांखाली रबर किंवा लाकूड ठेवा, गंजाचा डाग मुरला की निघत नाही.

आणि एक गोष्ट घरधन्यासाठी. खताच्या गोण्या फरशीवर रचू नका. अमोनियम सल्फेटसारखे खत ओल धरून झिरपले की सिमेंट खाते, आणि लोणा आयताच मिळतो. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवा. त्यात फरशी वाचते आणि खताचे खडेही होत नाहीत.

सरतेशेवटी हिशेब तुम्हीच करा. कागदाचे दोन रकाने पाडा. एकीकडे उखडणे, राडारोडा उचलणे, नवी टाइल, दारे खालून कापणे. दुसरीकडे निचरा सुधारणे, फुलीच्या टाइल्स बसवणे आणि घासाई. आपल्या गावचे भाव घालून बेरीज करा. ज्या घरातील थर शाबूत आहे, तेथे दुसरा रकाना बहुधा हलका निघेल, आणि उरलेल्या पैशांत बाहेरची फरसबंदी होऊन जाईल. नवीच फरशी घालायची ठरली तरी हरकत नाही. फक्त ती घालण्यापूर्वी खाली काळी आहे की मुरूम, आणि पाणी कोठे जाते, एवढे पाहूनच मिस्त्रीला विसार द्या.